मोटरसायकलचं पेट्रोल: कुठलं भरायचं, किती भरायचं, किती पुरतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रविवारच्या राइडला नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी एकच विचारतो: तुझी गाडी किती देते? उत्तर बहुतेक वेळा जाहिरातीतलं असतं, नाहीतर शोरूममध्ये कुणीतरी सांगितलेलं. स्वतः मोजलेला आकडा क्वचितच कुणाकडे असतो. पेट्रोलबद्दलचे निम्मेअधिक प्रश्न तो आकडा हाती आला की आपोआप सुटतात, म्हणून सुरुवात तिथून करतो.

गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज कसं काढायचं?

टाकी-ते-टाकी. गाडी मेन स्टँडवर लावा, टाकीच्या तोंडात आत जी पत्र्याची कड दिसते तिथपर्यंत पेट्रोल भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. मग रोजच्यासारखी गाडी चालवा, किमान दोनशे किलोमीटर. पुन्हा शक्यतो त्याच पंपावर, त्याच स्टँडवर, त्याच कडेपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले आत्ता बसलेले लिटर. ३१२ किमी चालून ७.१ लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज ४४.

एकदा मोजून थांबू नका. गाडी थोडी कललेली असली किंवा नोझल आधीच कट झालं, तर अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. वरच्या उदाहरणात अर्धा लिटर इकडेतिकडे झाला तर ४४ चे ४१ होतात. तीन-चार वेळचे किलोमीटर एकत्र करा, तेवढ्याच वेळचे लिटर एकत्र करा आणि मग भागा. शहरातला आकडा वेगळा, हायवेचा वेगळा, डबलसीट सामानासह घाटातला वेगळा लिहा. डॅशबोर्डवर दिसणारं अ‍ॅव्हरेज हा गाडीने केलेला हिशेब असतो. तो किती जवळ आहे तेही याच पद्धतीने कळेल.

जुन्या कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागाच्या) गाडीवाले रिझर्व्ह-ते-रिझर्व्ह मोजतात: रिझर्व्हला लागली की मोजून दोन लिटर टाकायचं, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) पुन्हा ऑनवर घ्यायचा आणि पुन्हा रिझर्व्हला लागेपर्यंत किती चालली ते बघायचं. हीही चांगली पद्धत आहे, फक्त लागोपाठ दोन-तीनदा करा.

कंपनी ६० सांगते, माझी ४५ च देते. गाडीत दोष आहे का?

बहुधा नाही. कंपनीचा आकडा ठरावीक वेगाच्या, ठरावीक वजनाच्या चाचणीतून येतो. तिथे सिग्नल नसतो, मागे कुणी बसलेलं नसतं आणि समोरून वारा नसतो.

गॅरेजला जाण्याआधी टायरमधली हवा बघा. हवा कमी असलेली गाडी ओढायला जड जाते आणि आपल्याला कळतही नाही. मग चेन: कोरडी किंवा अति ताणलेली चेन पेट्रोल खाते. मागचा ब्रेक घासतोय का ते बघायला गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवा. एअर फिल्टर उघडून बघा, उसाच्या किंवा विटांच्या ट्रॅक्टरमागे रोज जाणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि स्वतःचा डावा हात बघा. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी रेटण्याची सवय भल्याभल्यांना असते.

हायवेवर सगळ्यात मोठं कारण वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ९० वर गेलात की हवा तुम्हाला सव्वादोन पट जोराने मागे ढकलते. कराडहून कोल्हापूरला वीस मिनिटं लवकर पोहोचण्याची किंमत टाकीतून जाते. ती मोजायची की नाही हा तुमचा निर्णय, पण जाते हे माहीत असावं.

एका टाकीत माझी गाडी किती लांब जाईल?

मी असा हिशेब करतो: टाकी गुणिले माझं सगळ्यात वाईट अ‍ॅव्हरेज, आणि त्याचे तीन चतुर्थांश. तेवढा पल्ला माझा. उरलेला चौथा हिस्सा बंद पंपाचा, चुकलेल्या रस्त्याचा आणि समोरच्या वाऱ्याचा.

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची. वाईटात वाईट ३० धरलं तर ३९०, म्हणजे भरवशाचा पल्ला २९० च्या आसपास. स्प्लेंडर प्लसची टाकी फक्त ९.८ लिटरची, पण ५५ धरलं तरी ५३९ होतात आणि तीन चतुर्थांश ४०० वर जातात. मोठी टाकी म्हणजे मोठा पल्ला असं समीकरण नाही, हे पहिल्या राइडलाच कळतं. स्प्लेंडरवाला तिसऱ्यांदा पंपावर नुसता चहा पीत उभा असतो. अ‍ॅक्टिव्हाची टाकी ५.३ लिटरची, तिने लांब जायचं तर दर दीडशे किलोमीटरला पंप हवाच.

रिझर्व्ह म्हणजे नेमकं किती पेट्रोल?

मॉडेलप्रमाणे वेगळं. साधारण एक ते तीन लिटर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

कार्बोरेटरच्या गाडीत टाकीच्या आत कॉकला दोन तोंडं असतात, एक उंच नळीचं आणि एक तळाशी. ऑनवर असताना पेट्रोल उंच तोंडातून येतं. पातळी त्याखाली गेली की गाडी आचके देते आणि आपण कॉक रिझर्व्हवर फिरवतो, म्हणजे तळाचं तोंड उघडतो. वेगळी टाकी नसते. पेट्रोल भरल्यावर कॉक परत ऑनवर न घेणं ही फार जुनी आणि फार महागात पडणारी चूक आहे. पुढच्या वेळी गाडी इशारा न देता थेट कोरडी होते.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल इलेक्ट्रिक पंपाने इंजिनात फवारलं जातं तिथे, कॉक नसतो, दिवा लागतो. दिवा लागल्यापासून आपली गाडी किती जाते हे एकदा मुद्दाम तपासा, पण गावातल्या पंपाच्या आसपास आणि पाठीशी एक लिटर ठेवून. घाट चढताना आणि उतरताना टाकीतलं पेट्रोल मागेपुढे सरकतं, त्यामुळे तो दिवा लागतो-विझतो. त्या वेळी त्याच्यावर विसंबू नका.

सतत रिझर्व्हवर गाडी चालवली तर बिघडतं का?

इंजेक्शनच्या गाडीत हो. पेट्रोल ओढणारा इलेक्ट्रिक पंप टाकीतच बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. पातळी कायम तळाशी ठेवली, वारंवार गाडी कोरडी केली, तर तो पंप लवकर जातो आणि तो स्वस्त नाही.

तळाचा कचरा वर येतो, ही भीती मात्र अर्धीच खरी. इंजेक्शनचा पंप भरल्या टाकीतही तळापासूनच ओढतो. जुन्या, आतून गंजलेल्या टाकीच्या कार्बोरेटर गाडीत रिझर्व्हवर घेतल्यावर कचरा येऊ शकतो, आणि तिथे खरा उपाय टाकी साफ करण्याचा आहे.

पेट्रोल संपलंच तर काय करायचं?

आधी गाडी रस्त्याच्या कडेला, वळणापासून दूर घ्या आणि इंडिकेटर चालू ठेवा. कार्बोरेटरची गाडी असेल तर एक जुनी युक्ती आहे. मोटरसायकलची टाकी चेसीच्या पाइपावर खोगिरासारखी बसते आणि कॉक एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूच्या खोबणीत थोडं पेट्रोल अडकून राहिलेलं असतं. गाडी कॉकच्या बाजूला चांगली कलवा, ते पेट्रोल इकडे येतं. दोन-तीन किलोमीटरची सोय अनेकदा होते. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल टाकल्यावर लगेच स्टार्टर मारत बसू नका. चावी ऑन करा, पंपाचा बारीक घूं आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा. असं तीन-चारदा केल्यावर स्टार्ट करा.

पेट्रोल संपण्याचा धडा मी आंबा घाटात शिकलो. जुलै महिना, रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेलो, मागे धाकटा भाऊ आणि दोन बॅगा. रत्नागिरीत टाकीत निम्मं पेट्रोल होतं, वाटेत भरू म्हटलं. वाटेतला पंप वीज नसल्यामुळे बंद होता. पाऊस, धुकं, दुसऱ्या गिअरमध्ये चढण. जो पल्ला मी सपाटीच्या अ‍ॅव्हरेजने धरला होता तो घाटाच्या मध्यावर संपला. रात्रीचे साडेनऊ, एका बाजूला दरी, आणि अंगावर येणारे ट्रक. भावाला मी कठड्याच्या आत उभं केलं आणि हातातली बॅटरी हलवत राहिलो. पाऊण तासाने एका दुधाच्या टेम्पोवाल्या काकांनी थांबून आपल्याजवळच्या कॅनमधलं लिटरभर पेट्रोल दिलं. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून घाटाच्या पायथ्याशी टाकी निम्मी असेल तर मी ती भरतो, आणि घाटाचं अ‍ॅव्हरेज सपाटीपेक्षा पाव हिश्शाने कमी धरतो.

एक विनंती. पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी उतरवू नका. इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडल्यावर पेट्रोल स्वतःच तोडतात, त्यामुळे वाचवण्यासारखंही फार उरत नाही.

ई२० म्हणजे काय, आणि ते मला नको असेल तर?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून आणि तुकडा तांदळापासून बनतं. आपल्याकडे सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या त्यात मोठा वाटा उचलतात. देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, ई२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभर सरासरी २० टक्क्यांपर्यंत मजल गेली. आज साध्या नोझलमधून जे येतं ते ई२० च समजा. साध्या पेट्रोलमध्ये निवड उरलेली नाही.

अ‍ॅव्हरेज कमी होतं का? होतं, आणि त्याचं कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. मिश्रण केलं की ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के आणि ई१० पेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई१० साठी जुळवलेल्या दुचाकींना ई२० वर ३ ते ४ टक्के घट धरली आहे. ५० देणारी गाडी ४८ देईल. दहा लिटरच्या टाकीमागे वीस किलोमीटर. रोज ऑफिसला जाणाऱ्याला हे जाणवणार नाही, पण लांबच्या राइडला तुमचा तीन वर्षांपूर्वी मोजलेला आकडा आता चालत नाही. पुन्हा मोजा.

कुणी ‘ई२० मुळे माझं अ‍ॅव्हरेज ५० वरून ३५ वर आलं’ म्हणालं, तर मी त्याच्या गाडीची हवा, चेन आणि फिल्टर बघायला सांगतो. तीस टक्के घट इथेनॉलच्या ऊर्जेच्या हिशेबात बसतच नाही. त्याच वेळी ग्राहकाला पंपावर पर्याय मिळायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. लिटरमागे ऊर्जा कमी मिळते आणि दर तोच राहतो, ही तक्रार रास्त आहे.

माझी गाडी जुनी आहे. ई२० ने खराब होईल का?

टाकीच्या झाकणाजवळ ई२० चं स्टिकर आहे का ते बघा, नसेल तर मॅन्युअल. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्या ई२० ला टिकणाऱ्या भागांसह येऊ लागल्या. त्याआधीच्या बीएस-६ आणि बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी टप्पे) गाड्यांबाबत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. तोंडी ‘काही होत नाही’ वर समाधान मानू नका.

त्याहून जुन्या गाड्यांना, म्हणजे नव्वदच्या दशकातली आरएक्स १००, स्प्लेंडर, जुनी बुलेट, इथेनॉलचा त्रास रबरात आणि गंजात दिसतो. पेट्रोलचा पाइप फुगतो किंवा कडक होऊन तडकतो, कार्बोरेटरमधले रबरी वॉशर आकार सोडतात, फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि ओव्हरफ्लो सुरू होतो. यातलं काहीही इंजिनाचा जीव घेत नाही, पण गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं धोक्याचं आहे. वर्षातून एकदा पाइप बदला, कार्बोरेटर उघडून साफ करून घ्या, वॉशरचा संच बदला. फार खर्चाचं काम नाही. मिश्रणात हवा जास्त झाल्याने गाडी पॉपिंग करत असेल (सायलेन्सरमधून फटफट आवाज), तर चांगल्या मिस्त्रीकडून कार्बोरेटरचे जेट आणि एअर स्क्रू जुळवून घ्या.

९५, ९७, १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल घालावं का?

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब वाढला तरी पेट्रोल स्वतःहून आधीच पेटू नये, ही सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. स्पार्कच्या आधी किंवा वेड्यावाकड्या पद्धतीने पेट्रोल पेटलं की इंजिनातून खडखड, टिकटिक असा आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. चढावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगात अ‍ॅक्सिलरेटर पिळला की तो स्पष्ट ऐकू येतो.

क्लासिक ३५० चं कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९.५:१ आहे. अशा शांत इंजिनाला जास्त ऑक्टेनचा काहीच उपयोग नाही. यामाहा आर१५ च्या नव्या मॉडेलचं ११.६:१ आहे, तिथे किंवा केटीएमच्या मोठ्या गाड्यांत मॅन्युअल काय म्हणतं ते पाळा. इथे एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन बरंच जास्त असल्यामुळे ई२० चं ऑक्टेन आता ९५ धरलं जातं. मग केवळ ऑक्टेनसाठी ९५ चं महाग पेट्रोल घेण्यात अर्थ राहिला नाही. त्यात इंजिन साफ ठेवणारी रसायनं असतात, ती हवी असतील तर महिन्यातून एखादी टाकी भरा.

शंभर ऑक्टेनचं पेट्रोल शहरांतल्या मोजक्याच पंपांवर मिळतं आणि साध्यापेक्षा बरंच महाग असतं. जुन्या, मनापासून जपलेल्या गाडीचे काही मालक ते इथेनॉल टाळण्यासाठी घेतात. तसं करायचं असेल तर त्यात इथेनॉल किती आहे हे पंपाच्या मॅनेजरला विचारून खात्री करून घ्या, फक्त आकडा बघून घेऊ नका.

दोन प्रकारची किंवा दोन कंपन्यांची पेट्रोलं मिसळली तर चालतं का?

चालतं. ऑक्टेन मधलं कुठेतरी येतं, बाकी काही होत नाही.

टाकी गळ्यापर्यंत भरावी का?

नको. ऊन तापलं की पेट्रोल फुगतं, दर अंशाला सुमारे ०.१ टक्का. जमिनीखालच्या टाकीतून २८ अंशांचं पेट्रोल तुम्ही १३ लिटरच्या टाकीत काठोकाठ भरलं आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात गाडी उन्हात लावली, तर टाकी पन्नास अंशांपर्यंत सहज जाते. पाव लिटरहून जास्त पेट्रोलला जागा हवी असते. ती नसेल तर ते झाकणाच्या भोकातून बाहेर येतं, रंगावर आणि इंजिनावर.

बीएस-४ पासूनच्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची वाफ पकडायला कोळशाचा एक डबा असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. टाकी गळ्यापर्यंत भरणाऱ्यांच्या गाडीत वाफेऐवजी पेट्रोलच त्यात उतरतं आणि मग गाडी भरल्या टाकीवर स्टार्टिंगला त्रास देते. आतल्या कडेपर्यंत भरा, नोझल एकदा कट झालं की पुरे. अ‍ॅव्हरेज मोजतानाही कडेच्या वर जाऊ नका.

भरताना गाडी बंद, मागे बसलेलं खाली, लहान मूल पुढे बसवलं असेल तर तेही खाली. पेट्रोल सांडून भडका उडालाच तर सेकंदभरात उतरून पळता यायला हवं.

पहाटे भरलं तर जास्त मिळतं? शंभरऐवजी एकशेदहाचं भरावं?

दोन्ही समजुती सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. मिळालाच तर काही मिलीलिटरचा फरक. आणि मशीन मोजतं लिटर, रुपये त्यावरून काढतं. शंभरला वेगळं आणि एकशेदहाला वेगळं माप देणारं मशीन फेरफार केलेलंच असणार, आणि ज्याने फेरफार केला तो एकशेदहालाही करू शकतो. तुमचं लक्ष मीटरवर असलं पाहिजे, रकमेत युक्ती नाही.

पंपावर माप कमी मिळतंय असं वाटलं तर?

आधी रोजची सावधगिरी. शून्य दिसल्याशिवाय नोझल टाकीत जाऊ देऊ नका. सगळ्यात जास्त चालणारी लबाडी मशीनची नसते, बोलण्याची असते. तुम्ही तीनशे सांगता, माणूस शंभरला थांबवतो आणि ‘अरे, शंभरच ऐकलं’ म्हणतो. मग मीटर शून्य न करता पुढे दोनशेपर्यंत नेतो आणि ‘झाले तीनशे’ सांगतो. दोनशेचं पेट्रोल, तीनशेचं बिल. मध्येच थांबवलं तर तिथेच पैशाचा हिशेब करा आणि पुढचं शून्यापासून भरायला लावा. तेवढा वेळ फोन खिशात ठेवा.

शंका पक्की असेल तर पाच लिटरचं माप मागा. वैधमापन विभागाचा (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का असलेलं पाच लिटरचं भांडं पंपावर असावंच लागतं आणि ग्राहकाने मागितल्यावर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर तक्रार वही मागा, बिल घ्या आणि वैधमापन विभागाकडे तक्रार करा. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा. नोझलचं टोक पुसून एक थेंब त्यावर टाका. दोनेक मिनिटांत डाग न राहता उडून गेला तर ठीक, डाग राहिला तर पुढे तपासायला हवं. मशीनवर लिहिलेली घनता आणि प्रत्यक्षातली घनता तपासून मागण्याचाही तुम्हाला अधिकार आहे. हक्काने मागा, आवाज न चढवता. नोझल धरणारा मुलगा बहुतेक वेळा तासनतास उभा असतो आणि मशीन त्याच्या हातात नसतं.

पंपावर टँकर खाली होत असेल तर मी पुढच्या पंपावर जातो. ढवळलेला गाळ सगळाच फिल्टरमध्ये अडकेल याची वाट का बघा?

बाटलीत पेट्रोल नेता येतं का?

प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत नाही, कितीही जण नेत असले तरी. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत बाळगता येतं, पण भांडं घट्ट झाकणाचं हवं: काच किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. काच गाडीवर नेऊ नका. पाच लिटरची पत्र्याची जेरीकॅन घ्या, वर थोडी जागा सोडून भरा, सायलेन्सरपासून दूर, उभी आणि करकचून बांधा.

कुठल्या रस्त्यांवर आधीच टाकी भरावी?

आपल्याकडे सगळ्यात आधी कोकणचा किनारी रस्ता. रेवसहून रेडीकडे जाताना रस्ता खाडीला टेकतो आणि गाडी जेटीतून (फेरीबोटीतून) पलीकडे न्यावी लागते: आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. शेवटची जेटी चुकली तर खाडीला वळसा घालून यावं लागतं आणि तो वळसा तुमच्या पल्ल्यात धरलेला नसतो. तालुक्याच्या गावात टाकी भरून मगच किनाऱ्याला उतरा. मेळघाटात परतवाडा सोडण्याआधी भरा. समृद्धी महामार्गावर आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मोटरसायकलला परवानगी नाही, त्यामुळे जुन्या रस्त्यांनीच जायचं आहे आणि तिथे गावोगावी पंप आहेत.

लडाखला जाणाऱ्यांसाठी मनाली-लेह रस्त्यावर चंद्रा-भागा संगमाजवळचं तांडी. तिथल्या पंपाची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी मराठी रायडरांच्या शेकडो फोटोंत आहे. हिशेब मांडून बघा. १५ लिटरची जुनी हिमालयन, सामानासह वाईट अ‍ॅव्हरेज २८, एकूण ४२०, तीन चतुर्थांश ३१५. पन्नास किलोमीटर कमी पडतात, आणि वाटेत त्सो कारकडे वळलात तर आणखी. पाच लिटरची कॅन घेतली की १४० किलोमीटर हातात येतात. धाब्यांवर बाटलीतलं महाग पेट्रोल मिळतं, पण त्याच्यावर राइड बेतू नका. उंचीवर हवा विरळ होते. कार्बोरेटरची गाडी तिथे जास्त पेट्रोल आणि कमी हवा घेऊन काळा धूर ओकते, तिचं अ‍ॅव्हरेज आणखी खाली येतं. इंजेक्शनची गाडी स्वतः जुळवून घेते, ताकद मात्र तिचीही कमी होते.

गोव्यात किंवा गुजरातच्या हद्दीत जाऊन भरणं परवडतं का?

राज्याचा कर वेगळा असल्याने दर वेगळा असतो. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा बरेच वर्षं स्वस्त आहे, बांदा-सावंतवाडीची मंडळी तिकडे जातात तेव्हा भरूनच येतात. तलासरीकडचे लोक गुजरातच्या हद्दीत तेच करतात. वाटेवर असेल तर जरूर. मुद्दाम जाणार असाल तर वाचलेले रुपये आणि जाण्यायेण्याचे किलोमीटर कागदावर मांडा. दर रोज सकाळी सहाला बदलू शकतो, त्यामुळे त्या दिवशीचा दर बघूनच.

सीएनजीची मोटरसायकल घ्यावी का?

जुलै २०२४ मध्ये बजाजने पुण्यात फ्रीडम १२५ आणली. सीटखाली २ किलोची सीएनजी टाकी, सोबत २ लिटर पेट्रोल. दोन्ही मिळून ३३० किमी असा कंपनीचा दावा. रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवणाऱ्याला, ज्याच्या वाटेवर सीएनजी पंप आहे त्याला, इंधनाचा खर्च खरोखर कमी येतो. रांगेचा वेळ मोजा, आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते हे लक्षात ठेवा. लांबच्या भटकंतीसाठी मी ती सुचवणार नाही. सीएनजी संपलं आणि पंप नसला की तुमच्याकडे फक्त दोन लिटरची गाडी उरते.

गाडी तीन-चार महिने उभी राहणार आहे. टाकी भरून ठेवू की रिकामी?

पत्र्याची टाकी असेल तर भरून. रिकाम्या जागेत दमट हवा राहते, विशेषतः कोकणात पावसाळ्यात, आणि पत्रा आतून गंजतो. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, नेमकं जिथून इंजिन पेट्रोल ओढतं तिथे. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून हा धोकाही कमी. कार्बोरेटर असेल तर कॉक बंद करा आणि खालचा स्क्रू सोडून त्यातलं पेट्रोल काढून टाका. इंजेक्शनच्या गाडीला शक्य असेल तर घरच्या कुणाला तरी दर पंधरा दिवसांनी चार-पाच किलोमीटर फिरवून आणायला सांगा. जागच्या जागी दोन मिनिटं चालू ठेवून बंद केल्याने इंजिनात ओल साचते.

गाडी रेल्वेने पाठवायची आहे, टाकीत थोडं राहिलं तर चालेल का?

नाही. पार्सल ऑफिसात गाडी घ्यायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी असावी लागते, आणि डब्यात पेट्रोल नेणं गुन्हा आहे. स्टेशनवर पोहोचण्यापुरतं ठेवा, उरलेलं तिथे जमिनीवर ओतण्याऐवजी मित्राच्या गाडीत काढून द्या. पोहोचण्याच्या ठिकाणी स्टेशनपासून जवळचा पंप कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा, कारण तिथपर्यंत गाडी ढकलतच न्यायची आहे.